चुकलेल्या किल्ल्या

दोरा वीतभर जास्तीच कापायचा,
असं मी पहिल्या दिवशी सांगितलं
आणि चौदा जणांनी आपापली वीत लावली.
त्यामुळे कुणाचाच दोरा कुणाच्या मापाचा नाही.

सावदा. मे महिना. वाचनालयाची मागची खोली.
बाहेर पत्र्यावर कावळा
एकेक पाय उचलून पाहतोय.
पंखा लावला तर दोरे उडतात,
बंद केला तर मणी बोटांना चिकटतात.
मतदान घेतलं. पंखा बंद.
रुबीना तडवी एकटी विरोधात,
वहीनं वारा घेत बसली निषेधाचा.

पहिली गाठ मण्याच्या भोकापेक्षा मोठी हवी.
हे सांगायचं राहिलं.
भाग्येशनं अकरा मणी ओवले, दोरा उंच धरला
आणि दुसऱ्या टोकानं सगळे निघून गेले.
"बाई, माह्यावाले मणी पयाले!"
मग सगळे गुडघ्यांवर.
कपाटाखालून निघाले नऊ मणी, एक सेफ्टी पिन,
कुणाच्या तरी वर्गणीची पावती,
आणि एक कुडं, ज्यावर तिघींनी हक्क सांगितला.

कडी उघडणं सगळ्यात अवघड.
नखानं फट पाडायची, गाठ आत सरकवायची
आणि बोट वेळेत काढून घ्यायचं.
माझं नख तिसऱ्याच कडीला गेलं.
मोईननं काही न बोलता सगळ्या कड्या पुढ्यात ओढल्या.
त्याचे अब्बा स्टँडजवळ छत्री लावून बसतात,
पाटीवर हातभर लांब किल्ली रंगवलेली.

"बाई, याले चाबी कोन्ती लावाची?"
रेलसिंगनं विचारलं.
ख्याती म्हणाली, स्कुटीची.
भाग्येश म्हणाला, आमच्या आबाच्या ट्रॅक्टरची.
रुबीना म्हणाली, कपाटाची, पण अम्मी देणार नाही.
रेलसिंग बारेला राहतो केळीच्या बागेत, रखवालीच्या झोपडीत.
"आमच्या घराले कुलूप नाही लागत," तो म्हणाला.
"काहून?"
"दारच नाही ना. गोनपाट हाये."
आमच्याकडे जिना नाही,
इतक्या साधेपणानं तो बोलला.
मी लाल मणी लाल वाटीत वेचायला लागले.
ते आधीच लाल वाटीत होते.

दुसऱ्या दिवशी मोईननं तेलाचा डबा आणला.
आत किल्ल्या. चुकलेल्या.
कुणाचा दात खोल गेलेला, कुणाचा आखूड,
एकीला दातच नाहीत, नुसतं कपाळ.
अब्बा म्हणतात, कमी कापलेलं पुन्हा कापता येतं,
जास्त कापलेलं परत चिकटत नाही.
म्हणून डबा भरत जातो.

चौदा जणांनी चौदा उचलल्या.
ख्यातीची हेडसरांच्या मोबाइलची.
कुणाची परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्याची.
भाग्येशची केळी पिकवायच्या थंड खोलीची,
आणि ते ऐकल्यावर
बाकीच्या सगळ्या किल्ल्यासुद्धा त्याच खोलीच्या झाल्या.

रेलसिंग मात्र आपली खरोखर लावून पाहत होता.
नळाला. खिडकीच्या बोल्टाला.
माझ्या मिटलेल्या मुठीला.
मग त्या काचेच्या कपाटाला, ज्याची किल्ली
आधीच्या ग्रंथपालांबरोबर निवृत्त झालेली.
आत गेली.
खोली एकदम गप्प.
अर्धी फिरली.
आणि अडकली. ना पुढे, ना मागे.

मोईनच्या अब्बांनी वाकून पाहिलं,
चष्मा कपाळावर चढवला, हसले.
"एका दाताचा फरक आहे, बाई.
सवडीनं येतो, काढून देतो."
त्याला आता महिना होत आला.
शिबिर संपलं. वाट्या धुऊन पालथ्या घातल्या.

ती तिथंच आहे, कपाटाच्या तोंडात,
खाली दोन लाल, एक पांढरा, दोन लाल,
आणि शेवटी एक हिरवा, मणी संपले म्हणून.
आता पंखा चालू असतो.
मणी काचेवर टकटक करतात,
वाचणारे मान वर करून दाराकडे बघतात.

बाजाराच्या दिवशी रेलसिंग येतो,
उंबऱ्याच्या बाहेरूनच विचारतो, "हाये?"
मी म्हणते, "हाये."
कधी आत येऊन बोट लावून जातो.
अब्बांना मी अजून आठवण केलेली नाही.